टोपीच्या वर दोन बोटं

४ तारीख, सोमवार

बाहुलीवाल्यांच्या गाडीत एक जागा रिकामी आहे आणि ती मला हवी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर मी लिहायला बसते एक आणि पोचते भलतीकडेच.

बाहुलीवाले म्हणजे दोघंच. मोठ्या बाई, सत्तरीच्या आसपासच्या, आणि लंबू, ज्याला वय विचारलं की तो नुसता हसतो. एका जुन्या गोदामात त्यांची तालीम चालते. खिडक्यांना काळे पडदे, मध्ये लांब टेबल, वर दोन मिणमिणते दिवे आणि टेबलावर हातभर उंचीचे लाकडी आजोबा. आजोबांचं डोकं आणि उजवा हात बाईंकडे, पाय आणि डावा हात लंबूकडे. दोघं काळे कपडे घालून आजोबांच्या मागेच उभे असतात, पण दोन मिनिटांत ते आहेत हेच आपण विसरतो. आजोबा आपला चष्मा शोधत टेबलभर फिरतात. चष्मा त्यांच्या टोपीवरच चढवलेला असतो. खेळ एवढाच. आज मी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, डोक्यावर बघा.

महिनाअखेर ते दौऱ्यावर निघणार. तीन महिने, बारा गावं. फोटो काढणारं कुणीतरी हवंय. बाई म्हणाल्या, तीन आठवडे तालमीला ये, मग बघू. त्यांच्या अटी आहेत. फ्लॅश मारायचा नाही. खेळ चालू असताना जागचं हलायचं नाही. सामान म्हणजे एकच पिशवी, मांडीवर मावेल अशी, कारण सीटवर बाहुल्यांच्या पेट्या बसतात.

दादाची एकच अट. पंचवीस तारखेपर्यंत गाडीत जागा पक्की झाली नाही तर सव्वीसपासून त्याच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर. दादाकडे एकशे चाळीस प्रकारच्या फरश्या आहेत. त्यातल्या एकशे तीस राखाडी.

५ तारीख, मंगळवार

माझ्या कॅमेऱ्याची लेन्स नदीच्या वाळूत पडल्यापासून फिरवली की करकरते आणि मध्येच अडते. तेव्हा लेन्स बघायला कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. वाटेत एक माणूस सायकलवर भलामोठा आरसा बांधून चालला होता. त्या आरशात अख्खी गल्ली उलटी धावत होती, म्हणून मी त्याच्या मागे मागे गेले, आणि दुकानात पोचेपर्यंत दुकान जेवणासाठी बंद झालेलं. मग पायरीवर बसून राहिले.

दुकानदार काकांना सांगितलं, लहान हवी, अंधारात चालणारी हवी, आणि जागचं न हलता लांबचं जवळ आणणारी, म्हणजे झूमवाली हवी. काका काच पुसत म्हणाले, "तिन्ही गोष्टी एकाच लेन्समध्ये मागणारे माझ्याकडे रोज येतात. दोन घेऊन घरी जातात."

तरी भला माणूस. जुन्या मालातल्या तीन लेन्स दाखवल्या आणि म्हणाले, एकेक ने, वापरून बघ, तोवर तुझी सायकल इथे तारण राहू दे. मी त्यांना जागच्या जागी नावं ठेवली. जाडोबा, काटकी आणि बुटकी.

जाडोबा अंधारात वाघ आहे, पण वजन पाण्याच्या भरलेल्या बाटलीएवढं. काटकी पिसासारखी हलकी आणि लांबवरचं पण ओढून आणते, मात्र झूम करत गेलं की तिचं तोंड बारीक होत जातं आणि आत उजेड शिरत नाही. बुटकीचं तोंड झूम केलं तरी मोठंच राहतं आणि ती मुठीएवढी आहे. पण ती फार लांबचंही आणत नाही, फार रुंदही बघत नाही, आणि हात हलला तर सांभाळूनही घेत नाही. काका म्हणाले, बुटकीला माणूस स्थिर लागतो.

मी जाडोबा आणला.

८ तारीख, शुक्रवार

आज माझी लाज गेली.

रंगीत तालमीला शेजारच्या शाळेतली पंचवीस-तीस पोरं बसवली होती. मी बाजूच्या खांबाशी जाडोबा लावून उभी. आजोबा निघाले, टेबलाच्या मध्यावर आले, आणि लंबूने एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे नाही, जाडोबाकडे. एवढं मोठं काचेचं भोक आपल्यावर रोखलेलं असेल तर कोण बघणार नाही? पण लंबू बघतो म्हणून आजोबांचे पाय माझ्याकडे वळले, पाय वळले म्हणून पोरांच्या माना वळल्या, आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "ताईकडे तोफ आहे." मग खेळ संपला म्हणायचा. सगळी पोरं तोफ बघायला आली.

बाई रागावल्या नाहीत. पोरं गेल्यावर त्यांनी मला आजोबांसमोर बसवलं आणि सांगितलं, "आम्ही आजोबांच्या तोंडाकडे बघतो म्हणून लोक आजोबांच्या तोंडाकडे बघतात. आमची नजर सुटली की आजोबा लाकूड."

बाईंची शिस्त मात्र मानली पाहिजे. मी फोटो तपासले. लंबू चौदा फोटोंत लेन्सकडे बघतोय. बाई एकातही नाही. पोरं उठली, बाक पडला, गोंधळ झाला, तरी बाईंची मान ढळलेली नाही. याला म्हणतात एकचित्त.

लंबूला मात्र एक वाईट खोड आहे. खेळ चालू असताना मधूनच जिभेने च्यक च्यक करतो. आजोबा टेबलाच्या कडेला आले की हमखास. एवढा चांगला कलाकार आणि ही सवय. कुणीतरी सांगायला हवं त्याला.

जाडोबा पिशवीतही मावत नाही. वहिनीने माझ्या मांडीवर पिशवी ठेवून पाहिली आणि म्हणाली, बारा गावं अशी बसलीस तर तेराव्या गावी तुला उचलून उतरवावं लागेल.

१२ तारीख, मंगळवार

काटकी आणली. घरीच आधी तपासायची म्हणून कोठीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, दिवा बारीक केला आणि वहिनीला धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला सांगितल्या. एकूण चाळीस फोटो. वहिनीने बघितले. म्हणाली, चादरी छान आल्यात, पण त्यांना धरणारं भूत कोण? सगळ्या फोटोंत वहिनीच्या हातांचा धूर झालेला. मग मी कॅमेऱ्याला जास्त उजेड ओढायला लावलं तर धूर गेला आणि वहिनीच्या तोंडावर वाळू पसरल्यासारखे दाणे आले. तेही तिने बघितले, आणि मला रात्रीच्या जेवणाची भांडी घासायला लावली.

गोदामातही तेच. एक फोटो मात्र मजेशीर आला. आजोबा लख्ख स्थिर आणि त्यांच्यामागे बाई आणि लंबू म्हणजे नुसतं काळं वारं.

बाई फोटो बघतात ते बघण्यासारखं असतं. लॅपटॉपच्या पडद्याला नाक टेकवतात. चित्र मोठं कर, अजून मोठं, आता मानेपाशी ने. मग विचारतात, खेळात हा प्रसंग चालू होता तेव्हा आजोबांची मान कशी होती? अगं बाई, मान तुमच्याच हातात होती, मला काय विचारता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी माझी मान वळवून दाखवली. अशी, मग थोडी खाली, मग अशी. त्या म्हणाल्या, पुन्हा दाखव. चारदा दाखवली. फोटो चांगला की वाईट, एक शब्द नाही. मान दुखतेय.

१४ तारीख, गुरुवार

बाईंना मी आवडत नाही बहुतेक. फोटो काढू म्हटलं की काहीतरी काम सांगतात. आज म्हणाल्या, पडद्याजवळची पेटी जरा वाटेतून बाजूला घे. कालही हेच. पेटी वाटेत नसतेच, भिंतीला असते. काल मी स्टूल जरा सरकवून ठेवलं होतं, तर बाई त्याला धडकल्या आणि लंबू माझ्यावर ओरडला, गोदामातली वस्तू तसूभरही हलवायची नाही. एवढं काय स्टुलाचं? आणि आजोबांच्या कोटाचं बटण शिवायचं तर बाई थेट बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसल्या. तिथे मात्र एका झटक्यात सुई ओवली. माझ्या आईला या वयात तीन वेळा थुंकी लावावी लागते.

पंचवीस तारीख अकरा दिवसांवर आली आणि मी अजून लेन्सच बदलतेय. दादाने आज जेवताना सहज विचारलं, काउंटरवर उंच खुर्ची लागेल की बुटकी?

१६ तारीख, शनिवार

बुटकी! बुटकी! बुटकी!

काकांनी बजावलं होतं म्हणून आधी स्थिर व्हायला शिकले. खांबाला पाठ टेकायची, कोपरं बरगड्यांत रुतवायची, श्वास सोडायचा आणि पुढचा घेण्याआधी दाबायचं. मी, जिला शाळेत पाच मिनिटं बाकावर बसवत नव्हतं, ती दीड तास खांबाला चिकटून होते. लंबूने एकदाही लेन्सकडे बघितलं नाही. नंतर म्हणाला, "फोटोवाली आज आली नाही वाटतं?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला नाही म्हटल्याचा एवढा आनंद झाला.

फोटो तर काय सांगू. आजोबांच्या गालावर सुताराच्या पटाशीचा एक बारीक ओरखडा आहे, तो दिसतोय. उजेड तेवढाच मिणमिणता, पण त्याला ऊब आलीय. टेबलाची दोन्ही टोकं एका फोटोत मावत नाहीत हे खरं. मावेनात का! बघणाऱ्याने कल्पना करावी.

एक गंमत. कॅमेरा माणसाचं तोंड शोधून त्याभोवती हिरवी चौकट दाखवतो. सगळा वेळ चौकट आजोबांवर. मागे जिवंत दोन माणसं उभी आहेत त्यांची यंत्राला फिकीर नाही. सोमवारी मी त्याचं ऐकणार नाही. जाहिरातीला बाईंचाही एक फोटो हवा, चौकट हाताने बाईंच्या डोळ्यांवर नेईन.

येताना चालत आले, सायकल काकांकडेच. तीन गल्ल्या जास्त फिरले, नुसतंच.

१८ तारीख, सोमवार



चौकट बाईंच्या डोळ्यांवर नेली. तीस फोटो काढले. बुटकीने काही लपवलं नाही, पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत असे आले. घरी मोठे करून बघत बसले. पहिल्यांदा वाटलं, सुंदर. मग वाटलं, काहीतरी चुकलंय. मग कळलं.

बाई आजोबांच्या तोंडाकडे बघत नाहीयेत. टोपीच्या वर बघतायत. दोन बोटं वर, जिथे काहीच नाही. एका फोटोत नाही, तीसच्या तीस फोटोंत. आजोबा मान वळवतात, आणि बाईंची नजर तिथेच राहते.

तोफेच्या त्या गोंधळात बाईंची मान का ढळली नव्हती, ते आता कळलं. मी शिस्त समजून बसले. लंबूची च्यक च्यक म्हणजे टेबलाची कड आली. स्टूल, पेटी, उन्हातली सुई, आणि माझी ती दुखरी मान. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी लेन्स बदलत बसले होते.

२० तारीख, बुधवार

काल गेले नाही. आजही नाही. घरी सांगितलं ताप आहे. वहिनीने कपाळाला हात लावून पाहिला.

मी हिशेब मांडून बघितला. फोटो दाखवले नाहीत तर काय? आजोबांवरच्या चौकटीचे शनिवारचे सुंदर फोटो आहेत, तेच दाखवायचे. बाई खूश, गाडीत जागा, बारा गावं. आणि दाखवले तर? बाई म्हणतील दौरा रद्द. मग ना त्यांचा खेळ, ना माझी जागा, नुसत्या फरश्या. शिवाय मी कोण सांगणारी? लंबूला माहीत आहे, तो बोलत नाही.

पण प्रेक्षकांना कधीतरी दिसणारच. बाईंनीच सांगितलं ना, नजर सुटली की आजोबा लाकूड. पहिल्या रांगेत एखादी तोफवाली मुलगी असतेच.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. एक देठ मोडला. मग म्हणाली, "दिसलेलं दाखवायचं नसेल तर कॅमेरा कशाला बाळगतेस? माझ्या चादरी धरायला ये."

२१ तारीख, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

लंबू दिव्याची वायर दुरुस्त करायला बाहेर गेला होता. बाईंनी नेहमीप्रमाणे लॅपटॉप जवळ ओढला आणि म्हणाल्या, दाखव. मी पहिला फोटो लावला. त्यांनी नाक टेकवलं आणि विचारलं, "आजोबांचं काय चाललंय इथे?"

मी म्हटलं, "आजोबांचं ठीक आहे. तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही आहात."

बाई पडद्यापासून मागे झाल्या. बाहेर लंबूची हातोडी चालू होती. मला वाटलं, गेली जागा. मी उठायच्या बेतात होते.

"किती?" बाईंनी विचारलं.

"काय किती?"

"किती चुकतेय? वर की खाली?"

"वर. टोपीच्या वर दोन बोटं."

"आणि उजवीकडे चालताना?"

मी फोटो पुढे पुढे नेत सांगत गेले. उजवीकडे तीन बोटं. बसताना जवळजवळ बरोबर. चष्म्याला हात लागतो तेव्हा फारच वर. बाई मान हलवत ऐकत होत्या, पाढे पाठ करताना हलवतात तशी. मग त्यांनी सांगितलं. उन्हात, लॅपटॉपच्या उजळ पडद्यावर, सगळं दिसतं. दिवे मंदावले की गेल्या वर्षापासून फक्त काळं. आजोबांना ओळखतात ते हातांनी, वजनाने, मानेमागची काडी किती वाकते त्यावरून. लंबू म्हणतो सगळं छान आहे. लंबू बावीस वर्षं म्हणतोय सगळं छान आहे. म्हणून त्यांना फोटो काढणारं माणूस हवं होतं. जाहिरातीचं कारण फक्त लंबूला सांगायला.

"तुझ्याआधी दोघं आले होते," त्या म्हणाल्या. "दोघांनीही म्हटलं, अप्रतिम."

मी त्यांना लेन्सचं समजावून सांगायला गेले, अंधारात तोंड मोठं उघडावं लागतं, बुटकीचं उघडतं, काटकीचं नाही. मध्येच लक्षात आलं आपण काय बोलतोय.

"म्हणजे मी तुझी काटकी म्हण की," त्या म्हणाल्या आणि अशा काही हसल्या की लंबू हातोडी घेऊन आत धावला.

मग आम्ही तिघांनी काम केलं. आजोबा टेबलावर, मी समोर. "एक बोट खाली. अजून. बस्स." बाईंनी हनुवटी छातीशी कुठे येते ते लक्षात ठेवलं. पाच वेळा, दहा वेळा. पंधराव्या वेळी आजोबांनी चष्मा शोधायला मान वर केली, बाईंची नजर बरोबर त्यांच्या तोंडावर होती, आणि मी बोलायचंच विसरले. मला त्या दोघांचं काही दिसलंच नाही. एक म्हातारा मला विचारत होता, पोरी, माझा चष्मा पाहिलास?

लंबू डोळे पुसत म्हणाला, दिव्याची वायर फार धूर करते.

२३ तारीख, शनिवार

काकांकडे गेले. बुटकी ठेवून घेते म्हटलं, सायकल तुम्ही ठेवा. काका म्हणाले, सायकलीची घंटा वाजत नाही. मी म्हटलं, बुटकीही फार लांबचं आणत नाही, फिटंफाट. काकांनी पिशवीत काच पुसायचा एक मऊ फडका टाकला आणि विचारलं, म्हणजे तिसरी गोष्ट सोडलीस? मी सांगितलं, लांबचं सोडलं, रुंदीही सोडली. मला एका टेबलापुरतं बघायचंय.

काल बाई म्हणाल्या, गाडीत तू बसायचंस. दादाला सांगितलं जागा पक्की. तो म्हणाला, मी खुर्ची आणून ठेवलीय. मग थोड्या वेळाने म्हणाला, असू दे, मीच बसेन. मग पिशवीत टॉर्च घातलीस का, मोजे घातलेस का, असं सहा वेळा विचारून गेला. वहिनीने पिशवी माझ्या मांडीवर ठेवून पाहिली. मावली.

२८ तारीख, गुरुवार

पहिल्या गावच्या हॉलच्या पायरीवर बसून लिहितेय. लंबू पेट्या उतरवतोय, मी मदत करते म्हटलं तर म्हणाला, तू काचा सांभाळ.

पहाटे पाचला निघालो. उजाडायचं होतं. लंबू चालवायला, मागे पेट्या, आणि मधल्या सीटवर बाई आणि मी, दोघींच्या मांडीवर पिशव्या. गाडी गावाबाहेर पडली तशा बाई म्हणाल्या, काय काय दिसतंय ते सांग.

मी सांगायला लागले. रस्त्याच्या कडेला दुधाचे कॅन, एका कॅनवर मांजर. पेट्रोलपंपावर एक माणूस उभ्याउभ्या झोपलाय. एका घरात एकाच खोलीत दिवा, खिडकीत कुणीतरी केस विंचरतंय. त्या केसांवरून मला आरसा घेऊन चाललेला तो सायकलवाला आठवला, तर मी त्याचंच सांगत बसले, त्याची गल्ली, उलटे धावणारे दुकानांचे बोर्ड, आणि तो शेवटी कुठे गेला ते मला कळलंच नाही वगैरे. मग जीभ चावली. म्हटलं, माफ करा, मी रस्ता सोडून कुठेतरीच गेले. शाळेतही माझं हेच व्हायचं.

"मग जा की," बाई म्हणाल्या. "तो आरसा कुणाच्या घरी लागला असेल?"

तर मी ते सांगितलं. मनानेच. लंबूनेही मध्ये एक खोली जोडली. किती गावं मागे गेली ते कुणी बघितलं नाही. मग हळूहळू राखाडी उजेड आला, मग पिवळा, मग लख्ख. शेतं, विजेचे खांब, पुढच्या ट्रकवर बांधलेल्या गाद्या. बाईंना आता सगळं स्वच्छ दिसत होतं, माझ्यापेक्षाही लांबचं.

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "पुढे?"